फिरत्या घरावरील गंजाचे डाग : कारणे आणि उपाय

पावसाळा सरला, की किनारपट्टीवर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या पांढऱ्या अंगावर तांबूस ओघळ दिसू लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. कॅराव्हॅन म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले फिरते घर. काही कॅराव्हॅन स्वतःच्या यंत्रावर चालतात, तर काही दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढून न्याव्या लागतात. अशा गाड्यांवरील गंजाचे डाग कसे काढावेत आणि पुन्हा पडू नयेत म्हणून काय करावे, याची माहिती गाडीमालकांना तर हवीच. पण फिरते दवाखाने व इतर सार्वजनिक वाहने ज्यांच्या ताब्यात असतात, त्यांनाही तिचा उपयोग होण्यासारखा आहे.

डाग एकीकडे, गंज दुसरीकडे

कॅराव्हॅनच्या भिंती बहुधा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या किंवा फायबर-ग्लासच्या असतात. या दोन्ही पदार्थांत लोखंड नसते. त्यामुळे त्यांना तांबूस गंज चढूच शकत नाही. भिंतीवर दिसणारा डाग हा दुसऱ्या ठिकाणाहून आलेला असतो. छताजवळची पन्हळ, खिडकीची चौकट, दिव्याची बैठक किंवा कनातीची पट्टी बसविण्यासाठी वापरलेले लोखंडी स्क्रू गंजतात आणि त्यांचा गंज पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळतो. सर्वत्र विखुरलेले बारीक तांबडे ठिपके असतील, तर त्यांचे कारण निराळे असते. लोहमार्गाजवळ किंवा लोखंड घासण्याच्या कारखान्याजवळ गाडी उभी असल्यास हवेतील लोखंडाचे कण रंगावर बसतात व तेथेच गंजतात.

म्हणून डाग पुसण्यापूर्वी त्याच्या वरच्या टोकाचा शोध घ्यावा. तेथे सैल झालेला स्क्रू आढळल्यास त्याच भोकातून पाणी आत शिरत आहे, असे समजावे. पुष्कळ कॅराव्हॅनच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा असतो. तो भिजत राहिला तर कुजतो आणि मग स्क्रूला पकडच उरत नाही. बाहेरचा बोटभर डाग हा आतील मोठ्या नुकसानीची पहिली सूचना असू शकतो.

गंज कसा चढतो?

लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि ऑक्सिजन या दोहोंची गरज असते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येते. तीन परीक्षानळ्यांत स्वच्छ खिळे ठेवावेत. पहिलीत साधे पाणी घालावे. दुसरीत उकळलेले पाणी घालून त्यावर तेलाचा थर द्यावा. तिसरीत ओलावा शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराईड घालून बूच घट्ट बसवावे. काही दिवसांनी केवळ पहिल्या नळीतील खिळे गंजलेले आढळतात. दुसरीत ऑक्सिजन नसतो, तर तिसरीत पाणी नसते.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि पाण्याची विद्युत्‌वाहकता वाढविते. त्यामुळे लोखंड विरघळण्याची विद्युत्‌-रासायनिक क्रिया वेगाने चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. रंगाखाली तो फुगतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि तेथून नवे पाणी आत जाते.

डाग काढण्याची रीत

प्रथम स्वच्छ पाणी व सौम्य साबणाने धूळ धुऊन काढावी. कोरड्या धुळीवर घासल्यास रंगावर ओरखडे उठतात. त्यानंतर आम्लाचा उपयोग करावा. हलक्या डागांसाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे बाजारात मिळणारे लिंबूसत्त्व, पुरते. १ लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम घालून द्रावण करावे. जुन्या डागांसाठी ऑक्झॅलिक आम्लाचे त्याच प्रमाणातील द्रावण अधिक गुणकारी ठरते. ही आम्ले गंजातील लोहाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे संयुग बनवितात. त्यामुळे डाग खरवडावा न लागता धुतला जातो.

द्रावणाचा परिणाम आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाहावा. नंतर सुती फडके भिजवून डागावर ५ ते १० मिनिटे ठेवावे. ते वाळू देऊ नये. उघड्या ॲल्युमिनियमवर याहून कमी वेळ ठेवावे. मग भरपूर पाण्याने धुवावे व गरज वाटल्यास कृती पुन्हा करावी. हे काम उन्हात तापलेल्या पत्र्यावर न करता सावलीत करणे श्रेयस्कर.

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, याचा विसर पडता कामा नये. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, पूड श्वासावाटे आत जाऊ देऊ नये, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि उरलेले द्रावण विहिरीच्या किंवा नाल्याच्या जवळ ओतू नये. डबा लेबल लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

हे उपाय टाळावेत

ग्रामपंचायतीत पाण्याच्या शुद्धीकरणासाठी टीसीएल पावडर असते. कपड्यांवरील काही डाग तिच्यासारख्या विरंजकाने जातात, म्हणून गंजावरही ती वापरण्याचा मोह होतो. परंतु गंज हा मुळातच ऑक्सिडीभूत लोह होय. विरंजकाने तो जात नाही, उलट त्यातील क्लोरीनयुक्त क्षारांमुळे लगतचे लोखंड अधिक गंजते. याहून गंभीर गोष्ट अशी, की टीसीएल आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे दोन पदार्थ कधीही एकत्र आणू नयेत.

लोखंडी घासणीने डाग घासणे हेही चुकीचे. तिचे तुटलेले कण पृष्ठभागात रुततात व काही दिवसांत नवे ठिपके उमटतात. नायलॉनची मऊ घासणी वापरावी. शौचालय साफ करण्याचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल गाडीच्या जवळही आणू नये.

पुन्हा डाग पडू नयेत म्हणून

डागाचे मूळ असलेले लोखंडी स्क्रू काढून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बसवावेत. किनाऱ्यावर मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीचे स्टील अधिक टिकते. मात्र स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम यांचा थेट स्पर्श खाऱ्या ओलाव्यात झाल्यास ॲल्युमिनियम झिजते; म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घालावे आणि भोक लांबीने नीट बंद करावे.

गाडीखालच्या चासीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. साध्या पोलादावर वरवरचा गंज असेल, तर तारेचा ब्रश व काचकागद यांनी तो काढावा, त्यावर फॉस्फरिक आम्लयुक्त किंवा टॅनिनयुक्त गंजरोधक लावावे आणि मग प्रायमर व रंगाचे दोन हात द्यावेत. फॉस्फरिक आम्लाने लोखंडावर फॉस्फेटचा थर बसतो. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर टिकला, त्यामागेही त्याच्या लोखंडातील फॉस्फरसमुळे बनलेला असाच थर आहे, असे कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. टॅनिनची क्रिया तर आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती. हिरड्यातील टॅनिन व लोहक्षार यांच्या संयोगाने काळी शाई तयार होत असे. गंजावर टॅनिन लावल्यावर येणारा काळेपणा त्याच जातीचा.

चासीवर जस्ताचा मुलामा असेल, तर मात्र आम्ल लावू नये व तारेच्या ब्रशाने खरडू नये. जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. तेच काढून टाकणे म्हणजे कुंपण मोडून शेत राखण्यासारखे होय. मुलामा उडालेल्या जागी जस्तयुक्त रंग लावावा.

किनाऱ्यावरून परतलेली गाडी गोड्या पाण्याने, विशेषतः खालच्या बाजूने, धुवावी. पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवावीत. गाडी प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नये; आत कोंडलेल्या ओलाव्याने गंजास साहाय्यच होते. हवा खेळती राहील असे आच्छादन घालावे.

रंगाखाली झाकलेला गंज

तपासणीच्या आदल्या दिवशी गंजावर रंगाचा हात फिरविण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. गाडी त्या दिवशी उजळते. रंगाखालचा गंज वाढतच राहतो. चासी, जोडणीचा दांडा, ब्रेकच्या नळ्या व चाकांचे बोल्ट यांवर पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील किंवा ठोकल्यावर आवाज बद्द येत असेल, तर तेथे डागाचा प्रश्न उरत नाही. आत बसणाऱ्यांच्या व रस्त्यावरील इतरांच्या जिवाचा प्रश्न असतो. अशी गाडी कुशल कारागिराने तपासून दुरुस्त केल्याखेरीज रस्त्यावर आणू नये.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये, गाडीभोवती फिरून प्रत्येक डागाची जागा, त्याचे मूळ व केलेला उपाय यांची नोंद वहीत करावी. गेल्या खेपेचा डाग त्याच जागी पुन्हा आलेला दिसला, तर मूळ अद्याप सापडलेले नाही, एवढे ती वही निःसंदिग्धपणे सांगते. अशी नोंद ठेवलेल्या गाडीची दुरुस्ती एका स्क्रूवर भागते. न ठेवलेल्या गाडीची भिंत बदलावी लागते.