एफपीएस किती, हर्ट्‌झ किती?

आता हे दोन आकडे वेगळे ठेवा हं. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला जेवढ्या फ्रेम तयार करतं, ते एफपीएस. मॉनिटर सेकंदाला जेवढ्या वेळा चित्र बदलू शकतो, ते हर्ट्‌झ. एक पोळ्या लाटणारा, दुसरा भाजणारा. लाटणारा 70च देत असेल, तर 240चा तवा घेऊन काय करणार?

बरं, कार्ड जोरदार आहे असं धरू. 60 हर्ट्‌झला दोन चित्रांमध्ये 16.7 मिलिसेकंद जातात, 144ला 6.9. जवळजवळ दहा वाचले. माउस हलवताच फरक कळतो. पण 144 वरून 240ला गेलात, तर वाचतात जेमतेम पावणेतीन. पैसे मात्र पुन्हा मोजायचे!

आणि 144चा मॉनिटर आधीच घरात असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बघा. तो पुष्कळदा 60वरच चालत असतो.