पुरुमेंताची फेरी

ईस्टरनंतरचा तिसरा सोमवार. म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चसमोरची रांग सकाळी साडेसातलाच लांबली आहे. बांद्याहून पहिल्या एसटीने आलोय आम्ही. पुढे मावशी, तिच्या हातात खोबरेल तेलाची बाटली. रांगेत कुणाकडे मेणबत्त्या, कुणाकडे तेल. ही रांग मिलाग्रीस सायबिणीची, म्हणजे मरियामातेची. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक, अशी इथली श्रद्धा. मावशी तेल घालते, हात जोडते आणि घरच्या देवापुढे पुटपुटते तेच, त्याच सुरात पुटपुटते. तिच्या मागची फ्रॉकमधली म्हातारी मान खाली घालून आपली पाळी येण्याची वाट बघते. हे बघायला मी दरवर्षी यावं, असं मला मनापासून वाटतं.

बाहेर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, गजबजली आहे. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीज, पण लगबग कोकणातल्या घराघरांतली. कांद्याच्या माळा, चिंचेचे गोळे, सुके बांगडे, मिठाचे ढीग. फणसाचा वास या सगळ्यांवर मात करतो.

मानकुरादची टोपली दिसली की पाय थांबतातच. सालीवर काळे ठिपके, रंगही एकसारखा नाही. पोर्तुगीजांनी रंगावरूनच ‘मालकोराद’ असं नाव ठेवलं, त्याचं मानकुराद झालं. 2023 साली या आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हापशाच्या माणसाला ते कागद बघावे लागत नाहीत. देठाशी नाक नेलं की पुरे.

मावशीला मात्र कोकमाच्या सोलांची घाई.

“माका दोन किलो व्हयी. पण सुकी आसत मां?”

“पळे बाय, हात लावून पळे.”

मावशी एक सोल चिमटीत दाबते. बोटांना रस लागत नाही, तरी साल मोडत नाही, वाकते. रातांबे फोडायचे, साल उन्हात घालायची, मग त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात. असं किती वेळा केलं, ते त्या काळसर लाल रंगावरून कळतं. मावशी मान हलवते. सौदा झाला.

कुंभारणीकडे ती कुंडलं, म्हणजे आमटीची मातीची भांडी, कानाशी धरून बोटाने वाजवते. तिसऱ्याचा आवाज खणखणीत येतो. माशाची आमटी त्यात रात्रभर मुरली तर दुसऱ्या दिवशीची चव स्टीलच्या टोपात कधीच येणार नाही, हे माझंही ठाम मत आहे.

बुरुडकामाची दुकानं शेवटाला. शेजारीच प्लास्टिकची सुपं रचलेली, स्वस्त आणि झगझगीत. लोक तिकडे वळतात तेव्हा जीव तुटतो. मावशी वळत नाही. तिला हवं त्या मापाचं सूप तयार नाही. म्हातारा म्हणतो, “मात्शें राव.” आम्ही सावलीत बसून आल्याच्या तिखट चवीचं खाजं खातो. तो बांबूच्या पट्टीवर पाणी शिंपडतो, ती काठाभोवती वाकवतो, पायाच्या अंगठ्याने दाबून धरतो आणि वेताने आवळून बांधतो. एक टाका, मग दुसरा. पट्टी सुटते. तो न बोलता उलगडतो, पुन्हा पाणी लावतो.

“घाई नको हां,” मावशी म्हणते आणि माझ्या हातातलं खाजं मोडून अर्धं त्याच्यापुढे धरते.