पिल्लांना ऊब, शेडला वारा

गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. म्हणजे मुंबईच्या दमट हवेतही कोंबड्या पाळता येतात. फक्त या हवेचा स्वभाव ओळखावा लागतो.

समजा, जुलैचा पाऊस कोसळतोय आणि शेडमध्ये चार दिवसांची पिल्लं आहेत. काय कराल? बरेच जण पडदे गच्च बांधून टाकतात. ऊब टिकते, पण हवा कोंडते आणि पिल्लं दगावतात. ऊब देणं आणि हवा खेळती ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आधी ऊब. लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करायचे. ही ऊब ब्रूडरखाली द्यायची, सगळी शेड तापवायची नाही. थर्मामीटर लावाच, पण पिल्लांकडेही बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढली, तर ती गारठलीत. लांब जाऊन चोची उघडून बसली, तर त्यांना उकडतंय. सगळी एकाच बाजूला गोळा झाली, तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येतोय.

आता हवा. वाढलेले १००० ब्रॉयलर दिवसाला २०० लिटरहून जास्त पाणी पितात. त्यातलं बरंचसं श्वासातून आणि विष्ठेतून शेडमध्येच येतं. ते बाहेर गेलं नाही तर खालचं तूस ओलं होतं, अमोनिया सुटतो, पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, श्वसनाचे आजार येतात. हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया २५ भागांच्या आत असावा. मोजायचं यंत्र नसेल तर पिल्लांच्या उंचीला खाली बसून श्वास घ्या. नाकाला झोंबलं, तर आधीच उशीर झालाय.

म्हणून पडदा खालून पक्का बांधायचा आणि वरून उघडायचा. वर फूटभर फट ठेवली की गरम, ओली हवा निघून जाते आणि पिल्लांच्या अंगावर झोत येत नाही.

मोठ्या कोंबड्यांना मात्र वारा अंगावरच हवा. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात फॉगरचा चांगला उपयोग होतो. मुंबईत हवाच ओली, त्यामुळे फवारा मारून गारवा फारसा मिळत नाही आणि तूस मात्र भिजतं. इथे पंखे लावा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम आणि रुंदी ३० फुटांच्या आत ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल.