उदासी गोळीतून आली असेल तर?

सर्पगंधा उच्च रक्तदाबावर गुणकारी ठरते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि या मुळीची कीर्ती जगभर गेली. १९५२मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं. दोनच वर्षांत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं, की मोठा डोस दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्याने ग्रासलं. रक्तदाब उतरला होता, पण माणूस खचला होता. रिसर्पिनमुळे मेंदूतले सेरोटोनिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे होतात, हे पुढे कळलं. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका ठाम दिसला नाही. तरी रक्तदाबाची गोळी मनापर्यंत पोचू शकते का, हा प्रश्न वैद्यकाला तेव्हापासून टाळता आलेला नाही.

आजही प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन, फिट्सवरचं लेव्हेटिरासिटाम, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या (एमडीआर) टीबीसाठीचं सायक्लोसेरिन यांनी काहींचं मन ढासळतं. दम्याच्या मॉन्टेल्युकास्टवर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२०मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. यावर कुणी म्हणेल, आजारपणानेच माणूस उदास होतो, औषधाला दोष कशाला? यात तथ्य आहे. रक्तदाबावरच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर वर्षानुवर्षं असाच संशय होता. २००२ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर तो फारसा टिकला नाही. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा तारखा पाहाव्यात. आजार जुना आहे, पण झोप, भूक, बोलणं नव्या गोळीनंतर बिघडलं, डोस वाढला तशी उदासी वाढली, तर संशयाला जागा आहे.

हे सांगितलं तर लोक घाबरून औषधं सोडतील, ही भीतीही खोटी नाही. स्टिरॉइड किंवा फिट्सची गोळी एकदम बंद केली, तर जिवावर बेतू शकतं. पण ज्याला काहीच सांगितलेलं नाही, तोही कंटाळून गुपचूप गोळी सोडतो, नाहीतर उदासीसाठी आणखी एक गोळी मागे लागते. माहिती असलेला निदान विचारायला तरी जातो. शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या गावात बीपीची चिठ्ठी एका डॉक्टरची, सांधेदुखीची दुसऱ्याची आणि दोन्ही एकत्र पाहणारं कुणीच नाही, असं सहज होऊ शकतं. अशा वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून, कोणती कधी सुरू झाली ते लिहून डॉक्टरांपुढे ठेवावं. दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर रुग्णालाही कळवता येतो. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ वर टेलि-मानसची मदत मिळते. खचलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणण्याआधी ती पिशवी तपासली गेली पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.