तेलताडाच्या बियांचें तेल व अंगाचा साबण

आपल्या घरीं येणाऱ्या साबणांत व केस धुण्याच्या द्रवांत तेलताडाच्या बियांच्या तेलाचा अंश पुष्कळदां असतो. तें अंगास अपायकारक तर नाहीं ना, अशी शंका येणें स्वाभाविक आहे.

हें झाड मूळचें पश्चिम आफ्रिकेंतील. १८४८ सालीं जावा बेटांतील बोगोरच्या वनस्पतिउद्यानांत त्याचीं चार रोपें लावण्यांत आलीं. आज इंडोनेशिया व मलेशिया हे देश त्याच्या लागवडींत अग्रेसर आहेत. फळाच्या गरापासून तांबूस तेल निघतें, आंतील बियांपासून फिकट. बियांच्या तेलांत लॉरिक आम्ल सुमारें निम्में असतें. खोबरेलांतहि तें जवळजवळ तितकेंच असल्यामुळें दोहोंचा साबण भरपूर फेंस देतो, व बाजारांत एक तेल दुसऱ्याची जागा घेतें. नारळाच्या बागाईतदारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

प्रसाधनद्रव्यांची परीक्षा करणाऱ्या अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २००० सालीं हें तेल प्रचलित वापरास निर्धोक ठरविलें. परंतु त्यापासून, तसेंच खोबरेलापासूनहि, तयार होणारें सोडियम लॉरिल सल्फेट हें निराळें द्रव्य होय. तें मळाबरोबर कातडीचा स्निग्धपणाहि काढून नेतें. त्यामुळें कातडी कोरडी पडून चुरचुरते. लागलीच धुऊन टाकावयाच्या जिनसांत तें चालेल, अंगावर राहणाऱ्या जिनसांत मात्र शेंकडा १ हून अधिक नसावें, असें त्याच मंडळानें १९८३ सालीं सांगितलें.

सबब 'वनस्पतिजन्य' एवढ्या शब्दावर भुलूं नये. वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. चिखलपाण्यानें भेगाळलेल्या हातांस असा द्रव फार वेळ लावून ठेवूं नये. खाज वा लाली आल्यास तो जिन्नस बंद करावा.