तीन मिनिटं आणि एक चौकट

काळा पडदा, मधोमध लाल रेघेची रिकामी चौकट. तिच्यात पिवळे आकडे धावू लागले की लगेच बटण दाबायचं. जिथे थांबतील तितके मिलिसेकंद तुम्हाला लागले. चौकट पुन्हा रिकामी. पुढचे आकडे कधी उमटतील याचा नेम नाही. तीन मिनिटं हेच. इतकं कंटाळवाणं काम मी क्वचितच केलं असेल; पण कंटाळ्यातच तर लक्ष निसटतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरच्या अंतराळवीरांनी हीच चाचणी लॅपटॉपवर वारंवार दिली आहे. तिथे दिवसात 16 सूर्योदय होतात. वेळापत्रकात झोपेला साडेआठ तास दिलेले, पण मोजमाप केलं तेव्हा सरासरी झोप भरली सहा तासांच्या आसपास. झोपेची गोळी तर बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेली.

सहा तास म्हणजे आपल्याकडे ‘बऱ्यापैकी झोप’! पण 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलेल्या माणसांचं लक्ष सलग एक रात्र जागलेल्यांइतकं ढासळलं. गंमत म्हणजे, त्यांना स्वतःला विशेष झोप येतेय असं वाटत नव्हतं. स्थानकावरच्यांशी मानसशास्त्रज्ञ ठरावीक दिवसांनी खाजगीत बोलतात. तिथे ‘मजेत आहे’ म्हणता येतं, आणि म्हणणाऱ्याला ते खरंही वाटत असतं. चौकटीला थाप मारता येत नाही.

स्थानकावर 340 दिवस राहून 2016 मध्ये परतलेल्या अंतराळवीर स्कॉट केलीच्या बौद्धिक चाचण्या तिकडे बऱ्यापैकी स्थिर होत्या. वेग आणि अचूकपणा घसरला तो जमिनीवर आल्यावर, आणि काही महिने तसाच राहिला. अर्थात, एकाच माणसावरून नियम काढू नये.

मी ही चाचणी दिली ती रात्रपाळी करून घरी आल्यावर, पहाटे साडेतीनला. पहिलं मिनिट 290, 310. छान चाललंय म्हणेस्तोवर 640. डोळे उघडे होते, चौकटीवरच होते, तरी आकडे सुरू झालेले दिसलेच नाहीत. अर्धा सेकंद ओलांडला की लक्ष चुकलं, असा रूढ हिशेब. पुढच्या वेळी घाईघाईने आकडे नसतानाच दाबलं, तीही चूकच.

तीन मिनिटांत चारदा लक्ष चुकलं. दहा मिनिटांपूर्वीच मी अकरा किलोमीटर स्कूटर चालवत घरी आलो होतो.