फिल्म निघाली, पण डिंक राहिला!

मोटारीच्या काचेवरची जुनी फिल्म किंवा बॉनेटवरचे स्टिकर ओढून काढायला पाच मिनिटे पुरतात. खरी परीक्षा त्यानंतर असते. मागे राहिलेला चिकट थर काढण्याच्या घाईतच काचेवर चरे पडतात, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि कधी कधी जिवाशीही गाठ पडते.

गाडी जुनी होत जाते, तशा तिच्या अंगावर चिकटवलेल्या वस्तूही जुन्या होतात. देवाच्या नावाचे स्टिकर, मुलांनी हौसेने लावलेली कार्टून, मागच्या काचेवरचा ‘आईचा आशीर्वाद’, सोसायटीच्या पार्किंगचा बिल्ला, बाद झालेला फास्टॅग, वरातीच्या दिवशी फुले बसवताना बॉनेटवर मारलेल्या चिकटपट्ट्या आणि उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून काचांना लावलेली काळसर फिल्म. लावताना कौतुक असते. काढायची वेळ येते, तेव्हा मात्र वरचा भाग हातात येतो आणि खालचा डिंक जागेवरच राहतो. त्यावर धूळ बसते, चार दिवसांत काळी चौकट उमटते आणि पुसायला जावे तर फडकेच चिकटते.

हा प्रश्न एकदा साऱ्या देशाला एकाच वेळी पडला होता. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांना काळी किंवा अन्य फिल्म लावण्यास मनाई केली आणि ४ मे २०१२ पासून हा आदेश लागू झाला. शहराशहरांतून पोलीस गाड्या थांबवून भर रस्त्यात फिल्म उतरवू लागले. पुढे काचांविषयीच्या नियमांत सुधारणा झाली आणि त्या आधारे, ठरलेल्या मर्यादेत प्रकाश आत येऊ देणारी फिल्म लावल्याबद्दल कारवाई करता येणार नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, ही ती मर्यादा. कायद्याचे काहीही होवो, फिल्मचे आयुष्य संपतेच. ती जांभळट पडते, तिला फुगे येतात आणि एक दिवस ती काढावीच लागते.

डिंक मागे का राहतो?

काचेची फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. त्याच्या एका अंगाला ॲक्रिलिक जातीचे चिकटद्रव्य असते. हे द्रव्य धड घन नसते आणि धड पातळही नसते. दाबले की ते हळूहळू पसरते आणि पृष्ठभागाच्या बारीकसारीक खळग्यांत शिरून बसते. म्हणूनच नवे स्टिकर सहज निघते आणि चार वर्षांपूर्वीचे हटून बसते.

त्यात भर पडते उन्हाची. फिल्म काचेच्या आतल्या बाजूने लावलेली असते. त्यामुळे काचेतून येणारे ऊन फिल्मपर्यंत पोहोचण्याआधी डिंकावर पडते. वर्षानुवर्षे तापून त्याचा गुण बदलतो आणि फिल्मवरची त्याची पकड सुटू लागते, काचेवरची मात्र कायम राहते. बाहेरच्या स्टिकरांची गोष्ट थोडी निराळी. ती बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांना लवचिक ठेवणारे द्रव्य उन्हाने उडून जाते, स्टिकर ठिसूळ होते आणि ओढताना त्याचे तुकडे पडतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डिंकाशी झटापट करून उपयोग नाही. आधी त्याला मऊ करायचे आणि मगच हलवायचे. सगळी युक्ती एवढीच आहे.

आधी ऊब, मग ओढ

फिल्म किंवा स्टिकर काढतानाच काळजी घेतली, तर मागे राहणारा डिंक निम्म्याहून कमी होतो. त्यासाठी हेअर ड्रायर किंवा कपड्यांना वाफ देणारे यंत्र पुरते. ड्रायर एका जागी न धरता सतत फिरवत ठेवावा. पृष्ठभाग हाताला गरम लागावा, पण चटका बसू नये. मग कोपरा नखाने उचलून, स्टिकर स्वतःवरच परतवत सावकाश ओढावे. हिसका दिला की वरचा थर फाटतो आणि डिंक खालीच राहतो. फार तापवले तरी डिंक वितळल्यासारखा होऊन तारा सुटतात. म्हणून ऊब हवी, भाजणे नको.

काचेसाठी आपल्याकडचे ऊन हेच उत्तम साधन आहे. फिल्मवर साबणाचे पाणी फवारून त्यावर कचऱ्याची काळी प्लास्टिक पिशवी कापून चिकटवावी आणि गाडी तासभर उन्हात उभी करावी. काळ्या पिशवीखाली दमट उष्णता कोंडून राहते आणि फिल्म सैल होते. या कामासाठी काही ठिकाणी अमोनिया वापरतात, पण बंद गाडीत त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला सोसत नाही. घरच्या माणसाने त्या वाटेला न जाणेच बरे.

तापलेल्या काचेवर थंड पाणी किंवा गारठलेल्या काचेवर एकदम कडक वाफ कधीही सोडू नये. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा दाबून बनवलेली असते. तापमानाच्या अशा धक्क्याने ती तडकू शकते.

काचेवरचा डिंक

काच कठीण असते, तिला बहुतेक द्रावणे सोसतात. म्हणून काचेचे काम त्या मानाने सोपे. काम सुरू करण्याआधी डॅशबोर्डवर आणि दाराच्या आतल्या बाजूला जुना टॉवेल पसरावा. ओघळ दारात उतरले, तर काच वर-खाली करणारी बटणे बिघडतात.

औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट सुती फडक्यावर घेऊन डिंकावर दोन-तीन मिनिटे दाबून ठेवावे. थर पांढरट होऊन सुरकुतला, की साबणाचे पाणी फवारून प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो एकाच दिशेने ढकलत न्यावा. उरलेसुरले पुन्हा स्पिरिटने पुसावे. अगदीच हट्टी डाग असेल, तर बाजूच्या साध्या काचेवर कोरे ब्लेड चालते. मात्र काच साबणाच्या पाण्याने ओली हवी, ब्लेड दांड्यात बसवलेले हवे, ते काचेवर जवळजवळ आडवे धरायला हवे आणि फक्त पुढे ढकलायला हवे. मागे ओढले, की पात्याखाली अडकलेला कण काचेवर चरा उमटवतो.

काचेच्या कडेला काळी पट्टी आणि ठिपक्यांची नक्षी असते. ती भट्टीत भाजलेली असली, तरी तिच्यावर ब्लेड फिरवू नये. तिथला डिंक मऊ ब्रश आणि स्पिरिटनेच काढावा.

मागची काच म्हणजे नाजूक मामला

पुष्कळ गाड्यांच्या मागच्या काचेवर आतल्या बाजूला बारीक आडव्या रेषा दिसतात. ती नक्षी नव्हे. चांदीचा अंश असलेल्या या रेषांतून वीज वाहते, काच गरम होते आणि तिच्यावर धरलेले बाष्प निघून जाते. ब्लेडच्या एका फटकाऱ्याने रेषा तुटते आणि तुटलेली रेषा तापत नाही. हे नुकसान त्या दिवशी कळत नाही. ते कळते जुलै महिन्यात, घाटात, धुक्यात आणि पावसात, मागून येणारा ट्रक दिसेनासा होतो तेव्हा.

म्हणून या काचेवर ब्लेड वर्ज्य. फिल्म भरपूर वाफ देऊन, रेषांच्या दिशेने म्हणजे आडवी ओढावी. डिंक स्पिरिटच्या ओल्या फडक्याने भिजवून, रेषांच्या लांबीनेच हलक्या हाताने पुसावा. एका बैठकीत न निघाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. एवढा धीर नसेल, तर ही एक काच जाणकार कारागिराकडे सोपवावी.

काचेवर डिंकाचा पुसट थर तसाच ठेवून ‘चालतंय’ म्हणणेही धोक्याचे. दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश त्यावर विखुरतो आणि काच दुधाळ होते. अशा वेळी रस्ता ओलांडणारा माणूस दिसायला उशीर होतो.

रंगाचे गणित वेगळे

काचेवर जे चालले, ते रंगावर चालेलच असे नाही. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

गाडीचा रंग दिसतो एक, पण असतात अनेक थर. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक थर. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केसच मुळी ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. वरचा पारदर्शक थर तर साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. त्यावर ब्लेड, सुरी, भांडी घासायची तारेची घासणी किंवा हिरवा काथ्या चालवणे म्हणजे चकाकी कायमची घालवणे.

गंमत म्हणजे, आज घरोघरी असलेल्या चिकटपट्टीचा जन्मच मुळी या दुखण्यातून झाला. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन आली. एक रंग देताना दुसरा भाग कागद चिकटवून झाकावा लागे आणि कागद काढताना ताजा रंगही उखडून येई. सेंट पॉल शहरातल्या थ्रीएम कंपनीत काम करणाऱ्या रिचर्ड ड्रू या तरुणाने एका रंगकामाच्या गॅरेजमध्ये कारागिरांचा हा वैताग पाहिला. त्याने बेताने चिकटणारी आणि रंग न उखडता निघणारी कागदी पट्टी बनवायचा ध्यास घेतला. १९२५ मध्ये ती तयार झाली. रंगारी आजही वापरतात ती हीच मास्किंग टेप. चिकटणे सोपे, निरुपद्रवीपणे सुटणे अवघड, हा धडा तेव्हाचाच आहे.

रंगावरचा डिंक काढण्याआधी तो भाग शाम्पूच्या पाण्याने धुऊन घ्यावा. धुळीचा एक कण फडक्याखाली राहिला, तरी तो कानशीसारखे काम करतो. काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. कागदी स्टिकर असेल, तर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते. न भागल्यास रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन किंवा थोडे रॉकेल मऊ फडक्यावर घेऊन डिंकावर मिनिटभर टेकवावे आणि बोटाने गोल फिरवत डिंकाच्या गोळ्या वळवून काढाव्यात. गाडीच्या नावाची उठावदार अक्षरे काढायची असतील, तर ती गरम करून त्यांच्या मागे नायलॉनचा दोरा करवतीसारखा चालवावा. काम झाल्यावर तो भाग लगेच शाम्पूने धुवावा आणि कोरडा करून वॅक्स लावावे.

कोणतेही द्रावण प्रथम दाराच्या आतल्या कडेवर, नजरेआड जागी लावून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर तिथेच थांबावे. अपघातानंतर पुन्हा रंगवलेला भाग असेल, तर दुप्पट सावध राहावे. तो रंग कारखान्यातल्या रंगाइतका पक्का बसलेला नसतो आणि स्टिकरबरोबर त्याचा पापुद्राही सोलून येऊ शकतो.

कधी कधी डिंक पूर्ण निघतो, तरी स्टिकरची आकृती दिसतच राहते. तो डाग नसतो. भोवतालचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो आणि स्टिकरखालचा मूळचा राहिलेला असतो. पॉलिशने हा फरक थोडाफार कमी होतो, घासून जात नाही.

हे मुळीच करू नका

थिनर आणि नखांचे पॉलिश काढायचे द्रावण रंगावर लावू नका. त्यांतील ॲसिटोनसारखी द्रव्ये डिंकाबरोबर रंगही मऊ करतात. हेडलाइटवर तर त्यांचा थेंबही नको. हल्लीचे हेडलाइट काचेचे नसून पॉलीकार्बोनेट प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्यावर बारीक भेगांचे जाळे पडते. रबरी पट्ट्यांनाही ही द्रावणे लागू देऊ नका.

पेट्रोलचा विचारही मनात आणू नका. ‘थोडं पेट्रोल लाव, लगेच निघतं’ हा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत दूरवर पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये हा खेळ अंगाशी येतो. स्पिरिट आणि टर्पेंटाइनही ज्वालाग्राही आहेत. ते वापरताना गाडीची दारे उघडी ठेवा, ड्रायर बंद करून दूर ठेवा आणि विडी-सिगारेट, उदबत्ती जवळ नको. ओली फडकी उघड्यावर पसरून वाळवा, त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हातात रबरी मोजे घाला. मुले ‘मी पण पुसतो’ म्हणून पुढे येतात, त्यांना साबणाच्या पाण्याची बादली आणि टायर द्या.

हे सारे करताना रविवारची सकाळ जाते, हे खरे. पण उखडलेला रंग पुन्हा लावायचा, तर बहुधा सबंध दार किंवा बॉनेट रंगवावे लागते आणि तरीही छटा जुळेल याची खात्री नसते. त्या खर्चापुढे स्पिरिटची एक बाटली, दोन जुनी सुती फडकी आणि तासाभराचा धीर हा सौदा स्वस्तच म्हणायचा.